सदऱ्याआडची गाठ

परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत फॅरो आणि अडेअर या शल्यविशारदांनी एक नोंद प्रसिद्ध केली: स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलेल्या पुरुषाचे वृषण काढल्यावर रोगाला उतार पडला. उपाय क्रूर होता; परंतु ही गाठ संप्रेरकांवर पोसते, हे त्यातून उमगले. पुरुषांतील अशा सुमारे नव्वद टक्के गाठींत इस्ट्रोजेनचे ग्राहक आढळतात. म्हणूनच १९७०च्या दशकात आलेल्या टॅमॉक्सिफेनच्या गोळीने पुढे त्या शस्त्रक्रियेची जागा घेतली.

मात्र वृद्धाचे आयुष्यमान केवळ औषधावर ठरत नाही. गाठीचा आकार, काखेतील ग्रंथींपर्यंतचा प्रसार, जोडीचा हृदयविकार वा मधुमेह, वर्षानुवर्षे गोळी न चुकवण्याची चिकाटी, सारे हिशेबात येते. उशीर तर फारच महागात पडतो. या रोगाच्या शंभर रुग्णांत पुरुष जेमतेम एक. त्यामुळे सत्तरीचे आजोबा बोंडामागची न दुखणारी, कठीण गाठ ‘चरबी असेल’ म्हणत सदऱ्याआड ठेवतात.

संशोधकांनीही त्यांना दीर्घकाळ बाहेरच ठेवले. पुरुषांवरील उपचार बव्हंशी स्त्रियांवरील चाचण्यांतून उसने घेतलेले आहेत; चाचण्यांत पुरुषांनाही सामावून घ्यावे, अशी अंतिम मार्गदर्शिका अमेरिकी औषध प्रशासनाने काढली ती २०२० साली.