शब्दवेध : बॉट

‘बॉट आहेस का रे?’ निगडी-आकुर्डीच्या कट्ट्यांवर मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्या पोरांची ही शिवी. समोरून सरळ चालत येऊन गोळी खाणारा तो बॉट. खेळात जागा भरायला संगणक असे खोटे गडी सोडतो, त्यावरून.

बॉट हे ‘रोबोट’चं शेपूट. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या ‘आर.यू.आर.’ नाटकातून रोबोट जगभर गेला. शब्द मात्र सुचवला त्याच्या भावानं, चित्रकार योसेफनं. मूळ चेक ‘रोबोता’, म्हणजे जमीनदाराकडे सक्तीनं राबणं. आपली वेठच की! तीही जुनी, संस्कृत ‘विष्टि’पासून आलेली, तिला फारसी ‘बिगार’ जोडून आपण वेठबिगार केली.

चाकणच्या मोटार कारखान्यांत वेल्डिंगचे टाके मारणारे कितीतरी हात रोबोटचेच आहेत. तिथं त्यांना कुणी बावळट म्हणत नाही. टाका सहसा चुकत नाही त्यांचा. अशा पाळीवरून सुटलेल्या पोरानं संध्याकाळी दोस्ताला बॉट म्हणून हिणवावं, हे अजबच. (रोबोटला अब्रू नाही म्हणून बरं.) बावळटपणासाठी मराठीत ‘ढ’ हे एकच अक्षर पुरतं. पोरांनो, तेच वापरा.