पेशवा कोणाला म्हणायचे?

श्रोतेहो, नाशिकहून गंगापूरच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघालात की आधी आनंदवल्ली लागते आणि तिच्यापुढे, गोदावरीच्या वरच्या अंगाला, गंगापूर. आनंदवल्ली आता शहरातच जमा झाली आहे. गंगापूर म्हटले की लोकांना धरण आठवते. पण अठराव्या शतकात या दोन गावांत पेशव्यांच्या घरची दोन मोठी माणसे राहत. आनंदवल्लीला राघोबादादा, म्हणजे रघुनाथराव पेशवे. आणि गंगापूरला त्यांची भावजय गोपिकाबाई, नानासाहेब पेशव्यांची विधवा. दीर-भावजय एकाच नदीचे पाणी पीत, पण मनाने दुरावलेली. या घरातले भांडण पुढे मुंबई, कलकत्ता आणि पार पॅरिसपर्यंत कसे पोचले, ते आज पाहायचे आहे.

दादांना पेशवाई हवी होती. पुतण्या माधवराव पेशवा असताना त्यांनी बंड केले, आणि १७६८ साली आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्यापाशी माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवले. १७७२ च्या नोव्हेंबरात माधवराव थेऊरला वारले. धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, अठरा वर्षांच्या वयात, गारद्यांनी त्याला शनिवारवाड्यातच मारले. 'ध'चा 'मा' केल्याची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, म्हणून ती पुन्हा सांगत बसत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी दादांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले. तरी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे दादांनाच मिळाली. इकडे गोपिकाबाईंचा हा शेवटचा मुलगा गेला. हातात करवंटी घेऊन त्या नाशकात भिक्षा मागत, असे परंपरा सांगते.

आता जरा शेजाऱ्याकडे पाहू. मुंबईच्या इंग्रजांची पुणे दरबाराशी त्या वेळी मैत्री होती. तुळाजी आंगऱ्याविरुद्ध दोघे मिळून लढले होते. १७७२ पासून इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यात येऊन राहिला होता. त्याला मुंबईहून जे काम नेमून दिले होते त्यात मुख्य एकच होते : काहीही करून साष्टी आणि वसई पदरात पाडून घ्यायची. साष्टी म्हणजे मुंबईच्या उत्तरेचे बेट. आज ज्याला आपण वांद्रे, अंधेरी, ठाणे म्हणतो तो सारा टापू. चिमाजी आप्पांनी १७३७ ते १७३९ या काळात हा मुलूख पोर्तुगिजांकडून जिंकला होता, आणि तो सहजासहजी कोणी सोडणार नव्हते. मित्राच्या घरात खून झाला, तेव्हा मित्राचा वकील तिथेच हजर होता. खुनाची चौकशी करणे त्याचे काम नव्हतेच. आता ज्याला गरज पडेल तो काय देईल, एवढेच मुंबईकरांना पाहायचे होते.

गरज पडायला वेळ लागला नाही. दादा निजामावर स्वारीला गेले असताना पुण्यातले कारभारी एक झाले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके वगैरे. यांनाच आपण बारभाई म्हणतो. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. तिला त्यांनी पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेवले आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, आणि चाळिसाव्या दिवशी, २८ मे रोजी, त्या तान्ह्या पोराला पेशवाईची वस्त्रे मिळाली. हाच सवाई माधवराव. तुम्ही म्हणाल, पाळण्यातला पेशवा काय कारभार करणार? खरे आहे, कारभार नानाच करणार होते. पण ज्याच्या नावाने पत्र लिहायचे आणि शिक्का उमटवायचा, तो हक्काचा धनी आहे हे सरदारांना, निजामाला आणि इंग्रजांना दाखवता आले पाहिजे. दादांजवळ फौज होती, त्यांनी उत्तरेत मोठ्या स्वाऱ्या गाजवल्या होत्या, पण त्यांच्या नावाला खुनाचा डाग होता. पोराजवळ काहीच नव्हते, फक्त हक्क होता. नानांनी तो हक्क नऊ वर्षे हत्यारासारखा वापरला.

दादा माळव्यातून गुजरातेत उतरले. आनंदीबाई गरोदर होत्या, त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवले. जानेवारी १७७५ मध्ये तिथे बाजीराव जन्मला. हे नाव ध्यानात ठेवा. मुंबईकरांनी तर आधीच, १७७४ च्या अखेरीस, ठाण्याचा किल्ला घेऊन टाकला होता. गुजरातेत मार खाऊन दादा सुरतेला गेले आणि मार्च १७७५ मध्ये त्यांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, दादांनी महिन्याला दीड लाख रुपये खर्च द्यायचा, हमीसाठी सहा लाखांचे जवाहीर गहाण ठेवायचे, आणि साष्टी-वसई कायमची तोडून द्यायची. बारभाईंनी जी गोष्ट दिली नसती, ती दादांनी दिली; म्हणून इंग्रजांच्या लेखी पेशवा कोण, तर दादा! हा हिशेब इतका उघडा आहे, की त्यावर टीका करण्याचीही गरज वाटत नाही.

पण इंग्रजांच्या घरातही एकमत नव्हते. विलायतेच्या नव्या कायद्याने मुंबई आता कलकत्त्याच्या ताब्यात गेली होती, आणि कलकत्त्याला न विचारता हा तह झाला होता. कलकत्त्याने तो रद्द ठरवून कर्नल अप्टनला पुरंदरला धाडले. १ मार्च १७७६ चा पुरंदरचा तह झाला : दादांचा पक्ष इंग्रजांनी सोडावा, दादांनी नेमणूक घेऊन गोदाकाठी कोपरगावला राहावे, साष्टी मात्र इंग्रजांकडेच. मुंबईकरांनी हा तह मनापासून पाळला नाही आणि दादांनाही सोडले नाही. पुढे विलायतेतल्या कंपनीच्या मालकांनीही मुंबईचीच पाठ थोपटली.

१७७७ मध्ये नानांना एक नवे प्यादे मिळाले. सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ, फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवीत पुण्यास आला. माणूस बराचसा उपटसुंभ होता. पण त्या वेळी अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती बंड करून उठल्या होत्या आणि फ्रान्स त्या युद्धात पडण्याच्या बेतात होता. नानांनी या पाहुण्याची मोठ्या थाटाने बडदास्त ठेवली, मॉस्टिनच्या डोळ्यांदेखत. पाहुण्याजवळ जहाजे आहेत की नाहीत याची फिकीर नानांनी फारशी केलेली दिसत नाही. इंग्रजांना झोप लागू नये एवढे काम त्याच्या नुसत्या असण्याने होत होते. मात्र भीती दाखवण्यात एक धोका असतो, तो इथेही झाला : घाबरलेल्या मुंबईकरांनी घाईने दादांना घेऊन पुण्यावर चाल केली.

ती चाल कशी झाली? सुमारे ३,९०० शिपाई आणि सामान वाहायला १९,००० बैल! बोरघाट चढल्यावर दिवसाकाठी जेमतेम मैलभर वाटचाल होई. मराठ्यांनी पुढचा मुलूख जाळून ओस केला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपले लोक 'इष्टुर फाकडा' म्हणत. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला सारी फौज कोंडली गेली, इंग्रजांनी हार लिहून दिली, आणि दादा महादजी शिंद्यांच्या हाती आले. वाटेत नर्मदेपाशी ते निसटले आणि पुन्हा सुरतेला इंग्रजांकडे गेले. वडगावचा करार इंग्रजांनी नाकारला.

मग नानांनी सर्वांत मोठा डाव टाकला. हैदरअलीने आजवर दादांची बाजू धरून कृष्णेपर्यंतचा मराठी मुलूख दाबला होता. त्या मुलखावरचे त्याचे वर्चस्व मान्य करून नानांनी त्यालाच मित्र केले. निजाम आणि नागपूरकर भोसले यांना जोडीला घेऊन १७८० मध्ये चार सत्तांची जूट उभी राहिली. हैदरने मद्रासकडे उतरून त्याच वर्षी सप्टेंबरात कर्नल बेलीची फौज बुडवली. पण निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत दिले, भोसल्यांना रोख पैसे दिले, आणि दोघेही थंड पडले. गॉडर्डने अहमदाबाद आणि वसई घेतली, पण बोरघाटातून त्याला मागे फिरावे लागले. दोन्ही पक्ष दमले. ग्वाल्हेरजवळ सालबाई येथे १७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे आणि डेव्हिड अँडरसन यांनी तह ठरवला. साष्टी गेली ती गेलीच. वसई आणि पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख परत मिळाला, आणि इंग्रजांनी सवाई माधवरावांनाच पेशवा मानले.

या तहातले एक कलम हैदरविषयी होते : त्याने जिंकलेला मुलूख सोडावा, आणि पेशव्याने ते घडवून आणावे. ज्याला आपण लढाईत ओढले, त्याच्याच पदरचे देण्याचे हे वचन. नानांनी तहावर मोहर करायला सात महिने लावले. त्यांना हैदरचा दाब इंग्रजांवर हवा होता, म्हणून हा विलंब. हे राजकारण म्हणून पक्के, पण मैत्री म्हणून फारच पातळ. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला, आणि त्याच महिन्यात पुण्याने तह मान्य केला. मला तरी नानांच्या साऱ्या कर्तबगारीत हे पान वाचताना थांबावेसे वाटते.

दादांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. ते कोपरगावला येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तिथेच वारले. गंगापूरहून गोपिकाबाईंनी नातू सवाई माधवरावाला, पेशव्याने कसे वागावे, हे पत्राने लिहून कळवले. १७८८ मध्ये त्याही गेल्या. आनंदीबाई मुलांसह नजरकैदेत होत्या. पुढे त्यांना आनंदवल्लीला आणले, आणि १७९४ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

धारला जन्मलेला तो मुलगा, दुसरा बाजीराव, सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर १७९६ मध्ये पेशवा झाला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ त्याचा पराभव केला. तेव्हा तो कोकणात उतरून इंग्रजांच्या जहाजाने वसईला गेला, सालबाईच्या तहाने परत मिळालेल्या त्याच वसईला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे त्याने इंग्रजांची फौज आपल्या पदरी ठेवण्याच्या तहावर सही केली.