एकशे तीन तास, साडेसतरा हजार रुपये

२४ जून २०२४ रोजी सायंकाळी पाच वाजता आयआयटी प्रवेशाचे संकेतस्थळ ठरल्या वेळी बंद झाले आणि अतुल कुमार या अठरा वर्षांच्या दलित मुलाची हातातोंडाशी आलेली जागा गेली. अतुल उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातील टिटोरा गावचा. परीक्षा तो पास झाला होता, गुणवत्तेवर जागाही मिळाली होती. अडले ते १७,५०० रुपयांवर. सर्वोच्च न्यायालयात पुढे आलेल्या माहितीवरून आणि प्रवेशाच्या वेळापत्रकावरून त्या पाच दिवसांचा हा घटनाक्रम मांडतो आहे. बारावीनंतर अर्ज भरणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी तो वाचावा असे मला मनापासून वाटते.

रविवार, ९ जून : निकाल

जेईई अ‍ॅडव्हान्स्ड २६ मे रोजी झाली होती. सुमारे १ लाख ८० हजार मुले बसली, ४८,२४८ पात्र ठरली. तेवीस आयआयटींत मिळून जागा साधारण साडेसतरा हजारांच्या घरात. अतुलचा अनुसूचित जातींच्या यादीतला क्रमांक १,४५५ होता. ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते आणि अतुलची ही दुसरी खेप होती. म्हणजे यंदा जागा हुकली तर आयआयटीचा रस्ता कायमचा बंद.

गुरुवार, २० जून, सकाळी १० : १०३ तास बाकी

पहिल्या फेरीची यादी लागते. आयआयटी, एनआयटी आणि इतर केंद्रीय संस्थांच्या जागा वाटणाऱ्या संयुक्त प्राधिकरणाला सगळे ‘जोसा’ म्हणतात. जोसाने अतुलला धनबादची आयआयटी आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग दिले आहे. १९२६ साली खाणकामाचे शिक्षण देण्यासाठी सुरू झालेली ही संस्था, २०१६ पासून आयआयटी. अतुलचा एक भाऊ आयआयटी खरगपूरला, एक एनआयटी हमीरपूरला शिकतो. अशा जागेचे मोल काय, हे या घराला कोणी सांगायला नको.

आता तीन कामे करायची आहेत. पहिले, पर्याय निवडायचा : हीच जागा पक्की हवी असेल तर ‘फ्रीझ’, पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची कुठलीही जागा मिळाली तर घेईन असे असेल तर ‘फ्लोट’, याच संस्थेत वरच्या पसंतीची शाखा हवी असेल तर ‘स्लाइड’. दुसरे, कागदपत्रे अपलोड करायची. तिसरे, जागा स्वीकारल्याचे शुल्क भरायचे. मुदत सोमवार, २४ जून, सायंकाळी पाच.

शुल्क न भरण्याची शिक्षा फार मोठी आहे. मिळालेली जागा तर जातेच, शिवाय तो उमेदवार पुढच्या फेऱ्यांतूनही बाद होतो. २०२४ मध्ये एकूण पाच फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पैसे भरले नाहीत की उरलेल्या चारही गेल्या.

वडील रोजंदारीवर. मजुरी दिवसाला ४५० रुपये. त्या हिशेबाने १७,५०० रुपये म्हणजे एकोणचाळीस दिवसांची मजुरी, तीही घरात चूल न पेटवता, एक खाडा न करता. हाती आहेत चार दिवस आणि सात तास.

शुक्रवार, २१ जून, सायंकाळी ५ : ७२ तास बाकी

मुदतीतले दोन दिवस गेले. उद्या शनिवार, महिन्यातला चौथा. बँका बंद. परवा रविवार. म्हणजे गुरुवार ते सोमवार या पाच दिवसांत बँकेचे दार उघडे राहणार फक्त तीन दिवस.

ज्याच्या घरात पगाराचे खाते आहे, त्याला सुटीने काही फरक पडत नाही. तो रात्री अकरा वाजतासुद्धा मोबाइलवरून पैसे भरतो. ज्याला गावात चार घरी हात पसरायचे आहेत, त्याचे गणित वेगळे. हातउसने पैसे नोटांत मिळतात, पाचशे इथून, हजार तिथून. ते आधी कुणाच्या तरी खात्यात गेले पाहिजेत आणि मग संकेतस्थळावर. मुदत सगळ्यांना एकच दिली, म्हणून सगळ्यांना सारखा वेळ मिळाला असे होत नाही.

शनिवार, २२ जून, सायंकाळी ५ : ४८ तास बाकी

या टप्प्यावर एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना आयआयटीत शिकवणी शुल्क भरावे लागत नाही. २०१६ पासून ते पूर्ण माफ आहे. वर्षाला एक लाखापेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या कोणत्याही मुलालाही ही माफी मिळते. अशा मुलाकडे पैसे नसणार हे सरकारला मान्य आहे, म्हणून तर चार वर्षांची सूट दिली. ती सूट मिळते आत गेल्यावर. दारात मात्र त्याच मुलाकडून १७,५०० रुपये रोखठोक मागितले जातात, तेही चार दिवसांत.

शुल्क घेण्यामागे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पैसे न घेता जागा राखून ठेवल्या तर अनेक जण दोन-दोन ठिकाणच्या जागा अडवून बसतील आणि शेवटी त्या रिकाम्या राहतील. मुलगा खरोखर येणार आहे का, याची खात्री प्राधिकरणाला हवी असते. पण ती खात्री पटवायला ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याकडून पैसे घ्यावेत. ज्याच्या गरिबीचा दाखला त्याच अर्जात जोडलेला आहे, त्याच्याकडून लेखी हमी पुरेशी मानायला काय हरकत आहे?

रविवार, २३ जून, सायंकाळी ५ : २४ तास बाकी

असे प्रथमच घडत होते असेही नाही. २०२१ मध्ये प्रिन्स जयबीर सिंग या दलित विद्यार्थ्याला आपल्या पवईच्या आयआयटीत सिव्हिल इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. पैशांची जुळवाजुळव करून तो पुन्हा पुन्हा शुल्क भरत राहिला, कार्डावरून व्यवहार काही होईना. मुदत संपली, जागा गेली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. शेवटी २२ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला जागा देण्याचा आदेश दिला. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांच्यासमोर ते प्रकरण होते.

एका मुलासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले, तेव्हाच नियमातली फट दिसली होती. ती बुजवायला अडीच वर्षे मिळाली. २०२४ च्या जूनमध्ये ती तशीच उघडी होती.

सोमवार, २४ जून, सकाळी १० : ७ तास बाकी

बँका उघडल्या. कुटुंबाने नंतर सांगितले त्याप्रमाणे, पैसे देण्याचा शब्द एका सावकाराने दिला होता आणि त्याने ऐनवेळी हात वर केले. वडिलांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आता गावात घरोघर जाऊन मागण्याखेरीज मार्ग नव्हता.

दुपारी ३ : २ तास बाकी

अतुल संकेतस्थळावर आहे. ही नोंद पुढे न्यायालयात त्याच्याच विरोधात मांडली गेली. प्राधिकरणाच्या वकिलांचे म्हणणे असे की, मुलाने तीनलाच लॉगइन केले होते, मग शेवटच्या मिनिटाला अडचण आली असे कसे म्हणता येईल? मोबाइलवर संदेश गेले होते, व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण दिली होती, किती रक्कम लागणार हेही आधीच कळवले होते.

हे सगळे खरे धरले तरी त्यातून एकच गोष्ट सिद्ध होते : मुलाला सारे माहीत होते आणि तो पैशांची वाट बघत बसला होता. माहिती पोचवण्यात प्राधिकरण कमी पडले नाही. पण शंभर संदेश आले तरी त्यांनी खिशात पैसे येत नाहीत.

४ वाजून ४५ मिनिटे : १५ मिनिटे बाकी

गावकऱ्यांकडून रक्कम उभी राहिली. पैसे थोरल्या भावाच्या खात्यात जमा झाले. संकेतस्थळावर मुलाची कामे सुरू आहेत. कागदपत्रे अपलोड झाली. शुल्क तेवढे राहिले.

ज्याने बँकेच्या पानावर कधी घाईत पैसे भरले आहेत, त्याला या पंधरा मिनिटांची किंमत कळेल. कार्डाचा क्रमांक, मग मोबाइलवर येणारा ओटीपी, मग फिरत राहणारे चक्र. इतर दिवशी पाच मिनिटांचे काम.

५ : ०० वाजता

संकेतस्थळ बंद झाले. पैसे खात्यात होते, कागदपत्रे जोसाकडे पोचली होती, पण शुल्काची नोंद झाली नव्हती. नियमानुसार जागा रद्द.

त्यानंतरचे ९८ दिवस

कुटुंबाने सगळे उंबरठे झिजवले. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे धाव घेतली. धनबाद झारखंडमध्ये, म्हणून झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. त्या वर्षीची परीक्षा आयआयटी मद्रासने घेतलेली, म्हणून मद्रास उच्च न्यायालयात गेले. एका मजुराच्या घराला काही मिनिटांच्या उशिरापायी उत्तर प्रदेश, झारखंड, तमिळनाडू आणि अखेर दिल्ली असा प्रवास करावा लागला. तोवर धनबादला वर्ग सुरू झाले होते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने घटनेच्या कलम १४२ खालील अधिकार वापरून आदेश दिला : अतुलला त्याच तुकडीत, त्याच शाखेत प्रवेश द्या, कुणाची जागा काढून घेऊ नका, गरज पडल्यास एक जागा वाढवा, वसतिगृहासह सर्व सोयी त्याला मिळाल्या पाहिजेत. पैसे असते तर या मुलाने ते भरले नसते असे मानायला काहीच आधार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. असा हुशार मुलगा हातचा जाऊ देता येणार नाही, अशीच न्यायमूर्तींची भूमिका होती.

आता काय करायचे

अतुलला न्याय मिळाला याचा आनंद आहे. पण कलम १४२ हा अपवादाचा अधिकार आहे, त्यावर प्रवेशप्रक्रिया चालवता येत नाही. दिल्लीपर्यंत पोचलेल्या मुलांची नावे आपल्याला कळली. जी मुले पाच वाजता संगणक बंद करून घरी बसली, त्यांची नोंद कोणत्याही निकालपत्रात नाही. म्हणून नियमच बदलायला हवा आणि त्यासाठी फार काही करावे लागणार नाही. ज्यांना शिकवणी शुल्क माफ आहे, त्यांच्याकडून जागा स्वीकारताना पैसे घेऊ नयेत, घ्यायचेच असतील तर प्रत्यक्ष प्रवेशाच्या दिवशी घ्यावेत. मुदतीत कागदपत्रे पोचली असतील, तर शुल्कासाठी बँकेच्या कामाचे दोन दिवस जास्त द्यावेत. कागदपत्रांत शंका निघाली तर उत्तर द्यायला मुलाला अवधी मिळतो, मग पैशांसाठी तो का नसावा?

नियम बदलेपर्यंत आपण काय करू शकतो, तेही सांगतो. महाराष्ट्रातून हजारो मुले दरवर्षी जोसाच्या फेऱ्यांत उतरतात. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या शिकवण्यांत खेड्यापाड्यांतली मुले असतात आणि त्यांच्या घरची स्थिती टिटोऱ्याहून वेगळी नसते. यादी लागण्याआधी पैसे खात्यात असू द्या, कुणाच्या शब्दावर शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. खात्याची किंवा कार्डाची एका दिवसाची मर्यादा आधी तपासा. ओबीसी नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएसचे दाखले जोसाला त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचे लागतात, ते मे महिन्यातच काढून ठेवा. राज्याच्या सीईटी प्रवेशासाठी जात पडताळणीचे काम अकरावीतच हाती घ्या.

आणि एक विनंती कनिष्ठ महाविद्यालयांना, माजी विद्यार्थ्यांना आणि गावोगावच्या मंडळांना. जूनच्या त्या एका महिन्यासाठी थोडा निधी बाजूला ठेवा. मुलाला जागा मिळाली की शुल्क लगेच भरा, तो आत गेल्यावर सवडीने परत घ्या. चौकशी, शिफारस, सभा हे सोपस्कार नंतर होऊ द्या.

जागा स्वीकारण्याचे शुल्क मुदतीत भरले नाही तर जागा जाते, हा नियम २०२५ च्या फेऱ्यांतही कायम होता. पुढच्या जूनमध्ये यादी लागेल तेव्हा तुमच्या ओळखीतल्या बारावीच्या मुलाला एवढे एकच विचारा : पैसे खात्यात आले का?