गोमंतकातील खाणी आणि शेतीचे पाणी

डिचोली, सांगे या भागांतून जाताना तांबड्या मातीचे जे उंच ढीग दिसतात, त्यांना नवखा प्रवासी डोंगरच समजतो. ते डोंगर नव्हेत. डोंगराच्या पोटातून उपसून टाकलेली माती आहे ती. गोव्यात एक टन लोहखनिज हाती येण्यासाठी साधारण अडीच-तीन टन माती-दगड काढावे लागतात. ते टाकावयाचे कोठे, हा या धंद्याचा आरंभापासूनचा प्रश्न आहे.

पोर्तुगीज अमदानीत खाणमालकांना मिळालेल्या सवलती बेमुदत होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचे पोलादाचे कारखाने पुन्हा उभे राहू लागले आणि आमच्या खनिजाला गिऱ्हाईक मिळाले. खरे तर या हलक्या प्रतीच्या मालाला लांबची वाहतूक परवडली नसती. पण मांडवी आणि जुवारी या नद्यांनी ती अडचण दूर केली. खाणीपासून नदीकाठ जवळ, तेथून बार्जांतून थेट मुरगाव बंदर! १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी सवलती चालूच राहिल्या. त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा संसदेने केला, तो १९८७ साली.

दरम्यान पावसाळा आपले काम करीत होता. ढिगांची माती ओहोळात आणि ओहोळातून भातशेतीत उतरे. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी सतत उपसावे लागते. मग आसपासच्या विहिरी, झरी आणि कुळागरे यांना ओढ लागते. शिरगावच्या ग्रामस्थांनी हे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत नेले. मात्र खाणीतली नोकरी, ट्रकाचे कर्ज आणि आटलेली विहीर ही पुष्कळदा एकाच घरची असतात, हे शहरात बसून निवाडा देणाऱ्यांनी विसरू नये.

चीनची मागणी वाढली, तशी २०१०-११ साली निर्यात पाच कोटी टनांपलीकडे गेली. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ साली खाणी थांबल्या. पट्ट्यांची मुदत २००७ सालीच संपली होती, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा कायम निधीत टाकण्यास सांगितले. पुढच्या पिढीचाही या खनिजावर हक्क आहे, हा विचार त्यामागे होता. मला तो निकालाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पुढे नूतनीकरणातही नियम डावलले गेल्याने २०१८ साली ८८ पट्टे रद्द झाले आणि कित्येक ट्रक दारात गंजत उभे राहिले. २०२२ पासून पट्टे लिलावाने देण्यास सुरुवात झाली.

जुन्या ढिगांपैकी काहींवर परदेशी अकेशियाची लागवड झाली आहे. लांबून ती झाडी हिरवीगार दिसते. पायथ्याच्या शेतकऱ्याची नजर मात्र मृगाच्या पहिल्या सरीला ओहोळाच्या रंगावर असते.