रसायन-किरणोपचार, संयुक्त (घशाचा कर्करोग)

घसा व स्वरयंत्राच्या पुढच्या टप्प्यातील, पण दूरवर न पसरलेल्या कर्करोगावर केमोथेरपी आणि रेडिएशन एकाच काळात देण्याची पद्धत. साधारण ७ आठवड्यांत ३५ बैठकांतून ७० ग्रे किरणमात्रा देतात, जोडीला सिस्प्लॅटिन. हे औषध पेशींतील डीएनएची दुरुस्ती रोखते, म्हणून किरणांचा मारा अधिक लागू पडतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दोन वर्षांनी ८८ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र शाबूत होते. नुसत्या किरणोपचारात ७० टक्के. त्या चाचणीत आयुर्मान मात्र वाढले नाही, हे अनेकदा नजरेआड होते. तीव्रता-नियंत्रित किरणोपचारात लाळग्रंथी बऱ्याच अंशी वाचतात. तरीही तोंड सोलवटणे, गिळता न येणे, मूत्रपिंड व श्रवणशक्तीला इजा हे त्रास उरतातच. सिस्प्लॅटिन न सोसणाऱ्यांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणीने २०२३ मध्ये डोसिटॅक्सेलचा पर्याय पुढे आणला.