अंबरनाथचे शिवमंदिर आणि प्रवेशाचा प्रश्न : वारसावास्तूंच्या सर्वसमावेशकतेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ‘मंदिर प्रवेश’ या शब्दांना विशिष्ट अर्थ आहे. १९३० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींनी केलेले उपोषण या घटनांमुळे देवळाच्या उंबरठ्याचा प्रश्न हा समतेचा प्रश्न ठरला. पुढे राज्यघटनेने व १९५६ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने जातीच्या आधारे प्रवेश नाकारणे बेकायदेशीर ठरविले. तथापि कायद्याने खुल्या झालेल्या दारापर्यंत ज्यांना दगडी पायऱ्यांमुळे पोहोचताच येत नाही, अशा दिव्यांग व वृद्ध नागरिकांच्या प्रवेशाचा विचार त्या मानाने पुष्कळ उशिरा सुरू झाला. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वास्तूचे स्वरूप

वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले हे मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील आहे. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हा काल आढळतो. छित्तराजाच्या कारकिर्दीत आरंभ झालेले हे बांधकाम मुम्मुणिराजाच्या काळात पूर्णत्वास गेले, असे अभ्यासक मानतात. स्थानिक काळ्या पाषाणात घडविलेले हे मंदिर भूमिज शैलीचे असून सभामंडपास पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन दिशांना मुखमंडप आहेत. बाह्य भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी आणि शिवाच्या विविध रूपांची दाट शिल्पे आहेत.

प्रवेशाच्या दृष्टीने या वास्तूचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे तिचे गर्भगृह. ते सभामंडपाच्या पातळीवर नसून सुमारे २० पायऱ्या खाली आहे. प्रकाशातून अंधाराकडे, भूमीच्या पोटात उतरणे हा येथील दर्शनाचा गाभा आहे. म्हणजेच येथील पायऱ्या हा केवळ अडथळा नव्हे. तो रचनेचा आशय आहे. नेमकी हीच गोष्ट प्रश्नाला अवघड बनविते.

कायदा आणि संवर्धनाचे तत्त्व

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सार्वजनिक इमारतींतील उतारमार्गांचा उल्लेख होता. २००१ च्या जानेवारीत शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले असता काही स्मारकांवर तात्पुरते लाकडी उतार बसविण्यात आले आणि स्मारकांच्या सुगम्यतेची चर्चा देशभर झाली. भारताने २००७ साली मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सांस्कृतिक वारसास्थळांचा आस्वाद घेणे हा दिव्यांगांचा हक्क मानला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली. तर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची किमान मानके ऐच्छिक न राहता बंधनकारक असावीत असा निर्णय दिला.

दुसरीकडे, अंबरनाथचे मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा व त्यातील २०१० ची दुरुस्ती लागू होते. संरक्षित क्षेत्राभोवतीचा १०० मीटरचा परिसर प्रतिबंधित आहे. नवी भर मूळ कामापासून वेगळी ओळखू यावी, असे १९६४ ची व्हेनिस सनद सांगते. मूळ दगडाला इजा न होता ती काढून घेता यावी, हेही आता संवर्धनशास्त्रात सर्वमान्य आहे. हक्क आणि जतन ही दोन्ही मूल्ये खरी आहेत. त्यांपैकी एकाचा बळी देऊन दुसरे साधणे, हा उपाय नव्हे.

अंबरनाथपुरता विचार

गर्भगृहाच्या पायऱ्या तोडून तेथे उतार करणे सर्वथा अयोग्य ठरेल. परंतु गर्भगृहापर्यंत जाता येत नाही म्हणून प्रवेशद्वारापाशीच थांबावे, हेही अटळ नाही. या मंदिराचे शिल्पवैभव मुख्यतः बाह्य भिंतींवर आहे. त्यामुळे मंदिराभोवती सपाट, न घसरणारा आणि चाकाच्या खुर्चीला पुरेसा रुंद मार्ग झाला, तर वास्तूचा मोठा भाग सर्वांना पाहता येईल. तीन मुखमंडपांपैकी जेथे पायऱ्यांची उंची व गर्दी कमी असेल, तेथे दगडात खिळा न मारता टेकविलेला, उचलता येणारा उतार ठेवता येईल. गर्भगृहातील दर्शन प्रांगणातील पडद्यावर दाखविणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही.

दृष्टिहीनांसाठीच्या उपायाला तर या मंदिराच्या इतिहासातच आधार सापडतो. १८६८ साली तत्कालीन मुंबई सरकारने या मंदिराची मोजमापे, रेखाटने व शिल्पांचे ठसे घेण्याचे काम करवून घेतले होते. त्या काळी ठशांचा हेतू नोंद आणि कलाशिक्षण हा होता. आज तशाच प्रतिकृती हाताने स्पर्शून पाहण्यासाठी, ब्रेल माहितीसह, प्रांगणात ठेवता येतील. मूळ शिल्पावर हात फिरविल्याने होणारी झीजही त्यामुळे टळेल.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग होते. त्याच जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाखांहून अधिक, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून उभे राहिलेले उल्हासनगर, औद्योगिक अंबरनाथ आणि मुंबईच्या चाकरमान्यांचे बदलापूर या सलग नागरी पट्ट्यात हे मंदिर सर्वांचे सामायिक प्राचीन स्थान आहे. महाशिवरात्रीच्या गर्दीत काठी टेकणाऱ्या वृद्धाची, कडेवर मूल असलेल्या मातेची आणि चाकाच्या खुर्चीवरील भाविकाची अडचण एकच असते.

समारोप

मंदिर परिसराच्या विकासाची योजना राज्य शासनाने अलीकडे हाती घेतली आहे. सुगम्यता ही आराखड्याच्या आरंभीच विचारात घेतली तर ती अल्प खर्चात व वास्तूला धक्का न लावता साधते. काम पूर्ण झाल्यावर जोडली तर ती ठिगळासारखी दिसते. म्हणूनच आराखडा ठरत असतानाच पुरातत्त्वज्ञ, वास्तुरचनाकार आणि स्वतः दिव्यांग नागरिक यांनी एकत्र बसणे आवश्यक आहे. काळारामच्या सत्याग्रहींनी उंबरठा हलविण्याची मागणी केली नव्हती. तो ओलांडण्याचा हक्क मागितला होता. अंबरनाथच्या पाषाणालाही न हलविता हा हक्क पुष्कळ अंशी देता येईल, इतके निश्चित म्हणता येते.