कोण भारी?

कॉमिक्समधल्या डॉक्टर स्ट्रेंजने मंत्राचं कडं आखलं आणि समोरून कॅप्टन मार्व्हलने हातातून ऊर्जेचा झोत सोडला, तर टिकणार कोण? लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत दोन पोरांनी हा वाद काढला की तो दोन शब्दांवर येतो : कोण भारी?

'भारी' या शब्दापाशी मला थांबावंसं वाटतं. वाहणे, धारण करणे या अर्थाच्या 'भृ' धातूपासून 'भार', आणि त्यावरून 'भारी'. पण देवऋषी दोरा भारतो, ताईत भारतो, ते 'भारणे'ही मला याच भारापासून आलेलं दिसतं. दोरा दोराच राहतो. त्याच्यावर काहीतरी चढवलेलं असतं. पुढे पदार्थविज्ञानाची मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हाच शब्द घेतला आणि 'विद्युतभार', 'भारित कण' घडवले. म्हणजे स्ट्रेंजचं कडं भारलेलं आणि मार्व्हलचा झोत भारित. पोरांनी समोरासमोर उभे केलेले हे दोघे मराठीत एकाच घरचे आहेत. 

'जादू' फारसीतून आली, तरी ती परकी नाही. अवेस्तात 'यातु' आहे, ऋग्वेदातही 'यातु' आहे आणि जादूटोणा करणारा तो 'यातुधान'. दूर दिलेल्या लेकीची लेक आजोळी यावी, तशी ती आपल्याकडे परतली. 'चेटूक' हा शब्द मात्र मला जास्त बोलका वाटतो. संस्कृतात 'चेट', 'चेटक' म्हणजे चाकर. मांत्रिकाचं बळ स्वतःचं नसतं, तो दुसऱ्याला राबवतो, हे या शब्दात मुरलेलं आहे.

मंत्र आणि बळ यांच्या अशा सामन्याची एक कथा मराठवाड्यातल्याच नांदेडची आहे. 1708 साली गुरू गोबिंदसिंगजी तिथे आले, तेव्हा गोदाकाठी माधोदास बैराग्याचा मठ होता. मूळचा हा जम्मूकडच्या राजौरीचा लछमनदेव. परंपरा सांगते, की त्याला तंत्रविद्या अवगत होती, 'बीर' नावाची पिशाच्चं त्याच्या हुकमात होती आणि पलंगावर येऊन बसणाऱ्याला तो त्यांच्याकरवी उलथवून पाडी. माधोदास मठात नसताना गुरुजी त्याच पलंगावर बसले. त्याने सगळे बीर लावून पाहिले. पलंग हलला नाही. गुरुजींनी उलट मंत्र टाकला नाही की अस्त्र सोडलं नाही. हा कोणत्या प्रकारचा भार म्हणायचा? माझ्या मते 'भृ'चा मूळ अर्थच इथे उभा आहे : धारण करणे.

शेवटी माधोदासाने गुरुजींना आपली ओळख सांगितली ती एका शब्दात : बंदा. फारसीत बंदा म्हणजे सेवक, बांधलेला. आपला 'बंध' आणि तो एकाच मुळाचे. चेटकांना राबवणारा स्वतः चाकर झाला, आणि 'बंदासिंग' हेच त्याचं नाव झालं. नांदेडला ही आठवण बंदा घाट गुरुद्वाऱ्यात आहे. नांदेडहून तो पंजाबात गेला, 1710 मध्ये त्याने सरहिंद जिंकलं, 1716 मध्ये दिल्लीत त्याला मारण्यात आलं. मधल्या काळात सत्ता हाती असताना त्याने नाणी पाडली, ती स्वतःच्या नावाने नव्हे. त्यांवर गुरूंची नावं होती.